खालून चौथी पायरी

ग्लासगोच्या दक्षिण भागातल्या एका केअर होममध्ये मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. इथे राहणाऱ्या बहुतेकांना डिमेन्शिया आहे. दर बुधवारी दुपारी आम्ही जेवणघरातली दोन टेबलं जोडतो, चहा-बिस्किटं ठेवतो आणि जुन्या फुटबॉल सामन्यांचे फोटो पसरतो. अल्झायमर स्कॉटलंड ही संस्था आणि इथल्या हॅम्पडेन स्टेडियममधलं स्कॉटिश फुटबॉल म्युझियम मिळून 'फुटबॉल मेमरीज' हा उपक्रम चालवतात. आमचा बुधवार त्याच धर्तीवरचा.

अल्झायमरचा पहिला मार बसतो तो नव्या आठवणी साठवणाऱ्या भागावर. सकाळी नाश्त्याला काय होतं ते जातं. पण वयाच्या दहाव्या ते पंचविसाव्या वर्षांत पाहिलेलं, मित्रांत बसून शंभरदा घोळलेलं पुष्कळ दिवस तग धरतं. त्यामुळे बुधवारी आमच्या टेबलाभोवती दाटी होते. एकजण 18 मे 1960 ला हॅम्पडेनवर होते. त्या दिवशी युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात रिआल माद्रिदनं आइन्ट्राख्ट फ्रँकफुर्टला 7-3 असं हरवलं. पुश्काशचे चार गोल, दि स्तेफानोचे तीन, आणि बघायला सव्वा लाखाच्यावर माणूस. त्याच आइन्ट्राख्टनं उपांत्य फेरीत आमच्या ग्लासगोच्या रेंजर्सला दोन सामन्यांत मिळून बारा गोल मारले होते. "मग आम्हाला वाटलं, जगात यांच्यावर कोणी नसणार," असं ते दर बुधवारी सांगतात आणि दर बुधवारी त्यांचे डोळे तितकेच मोठे होतात. दुसरे एकजण लहानपणी फिरत्या फाटकापाशी उभं राहून कुठल्याही अनोळखी माणसाला "मिस्टर, उचलून घ्या की" म्हणायचे आणि त्याच्या हातांवरून फुकट आत जायचे. आत गेल्यावर गर्दी पोरांना डोक्यांवरून पुढे पुढे देत पार कुंपणाशी नेऊन सोडायची. माकरून बार आणि स्पिअरमिंट च्युइंगम विकणाऱ्यांची आरोळी ते अजून जशीच्या तशी मारून दाखवतात.

एक फोटो मी गठ्ठ्यात ठेवत नाही. 2 जानेवारी 1971 ला रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानाच्या तेरा नंबरच्या जिन्यावर सामना संपून बाहेर पडताना चेंगराचेंगरी झाली, 66 जण गेले. आमच्यातले एक गृहस्थ त्या दिवशी त्या मैदानात होते. ते त्यावर बोलले तर मी ऐकते. मी होऊन विचारत नाही.

मला सांगायचंय ते मात्र नऊ नंबरच्या खोलीतल्या आजोबांबद्दल. नाव सांगता येत नाही, आमच्या कामाचा नियम आहे. ऐंशीच्या घरातले, उंच, हात मोठे. आमच्याकडे आले तेव्हा अधूनमधून हो-नाही म्हणायचे, पुढे तेही थांबलं. त्यांच्या फाइलीत आवडीनिवडीच्या रकान्यात एकच ओळ होती: 'फुटबॉल आवडतं.'

तेवढ्या ओळीवर मी त्यांना बुधवारच्या टेबलाशी आणून बसवू लागले. ग्लासगोत फुटबॉल म्हटलं की सेल्टिक नाहीतर रेंजर्स, असं मीही धरून चालले होते. पहिल्याच बुधवारी त्यांच्यासमोर ठेवला तो लिस्बनचा फोटो: 25 मे 1967, इंटर मिलानला 2-1 असं हरवून युरोपियन कप जिंकलेला सेल्टिकचा संघ, सगळेच्या सगळे ग्लासगोच्या आसपास जन्मलेले. आजोबांनी तो उचलला आणि हलकेच पालथा घातला. म्हणजे रेंजर्सवाले, असं समजून पुढच्या बुधवारी रेंजर्सचा फोटो ठेवला: त्याच महिन्यात, 31 मे ला न्यूरेंबर्गला कप विनर्स कपच्या अंतिम सामन्यात बायर्नशी खेळलेला संघ. तोही पालथा. तिसऱ्या बुधवारी स्कॉटलंडचाच ठेवला: 15 एप्रिल 1967, वेम्ब्ली, जगज्जेत्या इंग्लंडवर 3-2. स्कॉटिश माणूस त्या फोटोवरून कधी मान फिरवत नाही. आजोबांनी फिरवली आणि खोलीकडे बोट दाखवलं.

तिन्ही फोटो एकाच वसंतातले होते. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही, आणि याची टोचणी मला अजून आहे. ज्या सहा-सात आठवड्यांना इथले लोक स्कॉटिश फुटबॉलचा सुवर्णकाळ म्हणतात, तेच मी तीन बुधवार त्यांच्यापुढे ठेवत होते आणि आजोबा ते दूर सारत होते.

पुढच्या बुधवारी म्युझियमकडून फोटोंचा नवा गठ्ठा आला होता. मी लावत बसले होते, आजोबा शेजारी. त्यातून लाल जर्सीतल्या एका संघाचा फोटो सरकून त्यांच्या बशीपाशी पडला. त्यांनी बघितला. पालथा घातला नाही. चष्म्याच्या वरून बघितला, मग चष्म्यातून. आणि एका दमात म्हणाले, "गुडफेलो, हिली, हार्ली, ग्रे, मॅकिनेस."

आवाज खरखरीत होता, बरेच दिवस न वापरलेला. पण ठेका पक्का. आपण लहानपणी पाढे म्हणायचो तसा, मध्ये कुठेही न अडखळता. पलीकडे बसलेले हॅम्पडेनवाले गृहस्थ वळून म्हणाले, "अरे, थर्ड लॅनार्क! शंभर गोल!" आणि आजोबांनी मान हलवली.

रात्री मी घरी बसून वाचलं. थर्ड लॅनार्क हा 1872 मध्ये सैन्यातल्या स्वयंसेवकांनी, थर्ड लॅनार्कशायर रायफल व्हॉलंटियर्सनी काढलेला क्लब. ते दोनदा स्कॉटिश कप जिंकले, 1904 मध्ये लीगही. 1960-61 च्या मोसमात लीगच्या 34 सामन्यांत त्यांनी बरोब्बर शंभर गोल केले. शेवटच्या सामन्यात हिबर्नियनविरुद्ध शंभरी गाठायला सहा हवे होते, सहा मारले. ती पाच नावं म्हणजे त्या शंभर गोलांची पुढची फळी. त्यानंतर सहा वर्षांत क्लब कर्जात आणि वाईट कारभारात बुडाला. शेवटचा सामना डम्बार्टनला, बोगहेडच्या मैदानावर, 5-1 नं हरले. तारीख 28 एप्रिल 1967.

वेम्ब्ली 15 एप्रिल. लिस्बन 25 मे. मधोमध हे. सगळं शहर ज्या दिवसांत रस्त्यावर नाचत होतं, त्या दिवसांत या माणसाचा क्लब मेला होता.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे फुटबॉल तालमींचा असतो. शाहू स्टेडियममध्ये पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की आमच्या घरात दुपारचं जेवण वेळेवर होत नसे. उद्या एखाद्या तालमीचा संघच उरला नाही, तर तिच्या माणसाला 'जा, आता पलीकडच्या तालमीचा झेंडा धर' असं म्हणायची कोल्हापुरात कुणाची छाती होणार नाही. त्यामुळे त्या पालथ्या घातलेल्या फोटोंचा अर्थ मला कुणी समजावून सांगावा लागला नाही.

आजोबांच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "बाबांनी आम्हाला कधीच कुठल्या मैदानावर नेलं नाही. शनिवारी रेडिओवर निकाल लागले की खोलीतून उठून जायचे. आम्हाला वाटायचं, आवडत नसेल." आवडीच्या रकान्यात मग 'फुटबॉल' कुणी लिहिलं, हे विचारल्यावर ती जरा थांबली. "आईनं सांगितलं होतं. जायच्या आधी." आजोबांचे वडील पोलमडीच्या रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात होते, हेही तिनंच सांगितलं. नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्हचा तो कारखाना. भारतातल्या रेल्वेसाठीही त्या कंपनीनं पुष्कळ इंजिनं घडवली. शनिवारी दुपारी काम सुटलं की कामगार थेट मैदानावर.

थर्ड लॅनार्कचं मैदान, कॅथकिन पार्क, अजून आहे. आत्ताच्या हॅम्पडेनपासून चालत जाण्यासारखं. जोखमीचा फॉर्म भरला, मुलीची सही घेतली, आणि एप्रिलमधल्या एका गुरुवारी मी, माझी एक सहकारी आणि आजोबा व्हीलचेअर चढवता येणाऱ्या टॅक्सीतून निघालो.

पार्कात शिरल्यावर आधी नुसती झाडंच दिसतात. मग लक्षात येतं की झाडं पायऱ्यांवर उगवलीत. मधोमध हिरवं मैदान, तीन बाजूंनी त्याच्याकडे उतरत येणाऱ्या काँक्रीटच्या पायऱ्या, त्यांवर शेवाळ, आणि जागोजाग रोवलेले लोखंडी कठडे. लोक उभ्यानं मॅच बघायचे. मागून लोट आला की पुढचे चिरडू नयेत म्हणून हे कठडे. 1954 साली रेंजर्सविरुद्धच्या सामन्याला इथे 45 हजारांवर माणूस होतं. आम्ही गेलो तेव्हा कुत्र्याला फिरवणारी एक बाई होती आणि भुरभुर पाऊस.

आजोबा काही बोलले नाहीत. मैदानाच्या कडेनं मी खुर्ची ढकलत होते. एका ठिकाणी त्यांनी हात वर केला. मी थांबले. त्यांनी बोटानं पायऱ्या मोजल्या, ओठ हलत होते. मग खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन उठायला लागले.

पायऱ्या माझ्या फॉर्ममध्ये नव्हत्या. काठी आणि दोघींचा आधार असला तर ते पंधरा-वीस पावलं चालत, तेही सपाटीवर. पडले असते तर खुबा गेला असता, आणि या वयात त्याचा अर्थ काय ते मला माहीत आहे. मी खाली बसले, पायऱ्यांवर हात फिरवून पाहिला. उंची कमी होती, पण शेवाळ निसरडं. सहकारी माझ्याकडे बघत होती. मी पिशवीतले टॉवेल काढले, पहिल्या चार पायऱ्या पुसून काढल्या, एक टॉवेल अंथरला, आणि म्हटलं, "चला. सावकाश."

चार पायऱ्यांना सहा मिनिटं लागली. प्रत्येक पायरीवर आम्ही श्वास मोजला.

चौथ्या पायरीवर एक कठडा होता. मला वाटलं, ते त्याच्या आडव्या दांडीवर हात ठेवतील. ती त्यांच्या कमरेशी येत होती. ते वाकले. दोघींनी त्यांना घट्ट धरलं. त्यांचा डावा हात आडव्या दांडीच्या खाली गेला आणि उभ्या खांबाला, गुडघ्याच्या जरा वर, त्यांनी मूठ घातली. ती उंची आठ-दहा वर्षांच्या पोराच्या हाताची होती.

"हा धरायचा," ते म्हणाले. "सगळे हलले की."

मी म्हटलं, "कुणी सांगितलं?"

"बाबा मागे." आणि उजवा हात खांद्यावरून मागे नेला, जणू तिथे कुणीतरी आहे याची खात्री करून घेत होते. तिथे मी होते. त्यांनी माझा हात धरला. "गोल झाला की सगळं खाली येतं, हेन. हा सोडायचा नाही." ग्लासगोत मुलीला मायेनं हेन म्हणतात, आपण बाळ म्हणावं तसं.

मग हळूहळू सरळ झाले आणि मैदानाकडे बघत राहिले. पाच नावं पुन्हा म्हणाले, या वेळी सावकाश, प्रत्येकाच्या जागेकडे नजर टाकत, उजव्या कडेपासून डाव्या कडेपर्यंत. माझी सहकारी ग्लासगोचीच, तिचं सगळं घराणं सेल्टिकचं. ती रडत होती आणि डोळे पुसायला तिचा एकही हात मोकळा नव्हता.

बोगहेडचा मी विषय काढणार नव्हते. तो त्यांनीच काढला, पायऱ्या उतरताना, दुसऱ्या आणि पहिल्या पायरीच्या मध्ये. "पाच-एक," म्हणाले. खाली खुर्चीत बसेपर्यंत पुढे काही नाही. मी त्यांच्या पायांवर शाल घातली, तेव्हा म्हणाले, "शेवटची आहे असं कुणी सांगितलं नाही."

माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं. मी त्यांच्या खुर्चीशेजारी ओल्या गवतात बसून राहिले. टॅक्सीवाल्याला दिलेली वेळ उलटून गेली होती, तरी तो गाडीतून हाक न मारता थांबला.

परतल्यावर त्यांनी गरम बोव्हरिल, म्हणजे बीफच्या अर्काचं पेय, घेतलं, बऱ्याच दिवसांनी पूर्ण कप. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारलं, काल कुठे गेलो होतो? त्यांना आठवत नव्हतं. मुलीला मी हे तसंच सांगितलं, कारण तिनं खोटी आशा धरावी असं मला वाटत नव्हतं. ती म्हणाली, "मला न्याल का तिकडे? ती पायरी दाखवा."

रविवारी दोघी गेलो. तिनं कठड्याचा तो खांब धरून पाहिला, खालच्या बाजूला, वाकून.

फाइलीतला आवडीनिवडीचा रकाना मी नव्यानं लिहिला. 'थर्ड लॅनार्क. लाल जर्सी. 1967 चे फोटो दाखवू नयेत. पाच नावं सुरू करून द्यावीत: गुडफेलो, हिली... पुढची ते म्हणतात. खुर्चीतून उठवताना घाबरले तर डावा हात खाली, खांबासारखं काही धरायला द्यावं.' रात्रपाळीच्या मुलांनी पलंगाशेजारी एक उभी दांडी बसवून घेतली आहे. आता उठवताना ते ओरडत नाहीत.