लूपच्या टोकाला आपण पडतच असतो

रोलर कोस्टरच्या लूपमध्ये उलटं झाल्यावर माणूस पडत कसा नाही असं विचारलं की बहुतेक जण पट्ट्याकडे बोट दाखवतात. मीही तेच समजायचो. मग एकदा बसलो (डोळे गच्च मिटून, खोटं कशाला बोलू) आणि अगदी वर गेल्यावर जाणवलं की बार खांद्याला लागतसुद्धा नाहीये, उलट बूड सीटला घट्ट चिकटलंय आणि खिशातली किल्ली मांडीत रुततेय.

गंमत म्हणजे तिथे आपण खरंच पडत असतो, पण आपण नुसते पडलो असतो त्यापेक्षा रूळ जास्त झपकन खाली वळतो, त्यामुळे सीटच आपल्याला खाली रेटते आणि ते रेटणं आपल्याला वजनासारखं वाटतं. पाण्याची बादली गरागरा फिरवतो तसंच. हळू फिरवली की डोक्यावर आंघोळ.

आता हिशोब. लूप १० मीटर त्रिज्येचा गोल धरला तर टोकाला ताशी साधारण ३६ किमी वेग पुरतो, आणि माणूस जाडा की बारीक याने काहीही फरक पडत नाही, वस्तुमान समीकरणातून उडूनच जातं. तेवढा वेग मिळायला घर्षण सोडून लूपच्या तळापासून निदान २५ मीटर उंचीवरून सुटायला हवं. पण मग लूपच्या तळाशी ६ जी, म्हणजे नेहमीच्या वजनाच्या सहापट जोर बसतो, ६० किलोचा माणूस ३६० किलोचा!

म्हणूनच १८९५ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर जो फ्लिप फ्लॅप नावाचा कोस्टर होता, अगदी गोल लूपवाला, त्यात लोकांच्या माना आखडायच्या. हे नीट जमलं ते १९७६ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या रिव्होल्युशन नावाच्या कोस्टरवर, वर्नर स्टेंगेल या जर्मन इंजिनियरने लूप गोल न ठेवता थेंबासारखा केला, खाली ऐसपैस आणि वर आखूड वळण. म्हणजे वेग जास्त तिथे वळण सौम्य, वेग कमी तिथे कडक. मला तर यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं, कारण रेल्वेचा रूळ सरळ रेषेतून वळणात हळूहळू शिरतो तो याच जातीच्या वक्राने.

आणि वेग कमी पडला तर? बहुतेक वेळा गाडी टोकाला पोचायच्या आधीच मागे घरंगळते. रुळाच्या वर, बाजूला आणि खालून अशी तिन्हीकडून चाकं असतात, त्यामुळे गाडी रूळ सोडत नाही. पण आतला माणूस? तो तेव्हा खरोखर पट्ट्यावर लटकतो, म्हणजे बोट दाखवणारे अगदीच चुकीचे नव्हते.