आमची वाटचाल : पकड कोणाची, सही कोणाची

१९९४ साली मिरजेत आम्ही दोघांनी फर्म काढायचे ठरवले, तेव्हा माझ्याकडे तारतंत्रीचा, म्हणजे वायरमनचा, परवाना होता आणि माझे भागीदार, ज्यांना सगळा बाजार मामा म्हणत असे, त्यांच्याकडे पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र होते. ठेकेदाराचा परवाना हातात पडेपर्यंत मामांनी एकही काम फर्मच्या नावावर घेऊ दिले नाही. ते आठ महिने आम्ही दुसऱ्या ठेकेदाराकडे रोजंदारीवर काढले. घरी ओढाताण होती, पण १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ४५ वा नियम मामांना तोंडपाठ होता. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली, तर काम परवानाधारक ठेकेदाराने घ्यायचे, प्रमाणपत्रधारकाच्या थेट देखरेखीखाली व्हायचे आणि प्रत्यक्ष तारेला हात लावणाऱ्याकडेही परवाना हवा. पुढे २०१० मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विनियम आले, २०२३ मध्ये तेही नव्याने आले. पण ठेकेदार, पर्यवेक्षक आणि तारतंत्री ही तिघांची साखळी तशीच राहिली. पकड एकाच्या हातात, नजर दुसऱ्याची आणि जबाबदारीची सही तिसऱ्याची, असे मामा नव्या मुलांना सांगत.

फर्मची पहिली खरेदी म्हणजे हाताने फिरवायचा ५०० व्होल्टचा जुना मेगर, म्हणजे तारेचे इन्सुलेशन शाबूत आहे का हे मोजणारे यंत्र. त्याची चामडी पेटी एका कडेला उसवलेली होती आणि दांडा फिरवताना तो बारीक घरघरत असे. मिनिटाला १६० फेऱ्या पडल्या पाहिजेत, त्याहून सावकाश फिरवला तर काटा खोटे बोलतो. म्हणून मामा मनातल्या मनात आकडे मोजत फिरवत आणि काटा स्थिरावल्याशिवाय वहीत आकडा मांडत नसत. आज आमच्याकडे डिजिटल मेगर आहे, क्लॅम्प मीटर आहे, हायड्रॉलिक क्रिम्पिंग टूल आहे. तरी नव्या मुलाला मी आधी तो जुना मेगर फिरवायला देतो, कारण ओल धरलेल्या लाइनवर काटा वर चढता चढता कसा मागे येतो, हे त्यात डोळ्यांना दिसते.

मधली वर्षे घरे, पिठाच्या गिरण्या, दवाखाने आणि कुपवाडच्या वसाहतीतील लहान कारखाने यांच्या वायरिंगमध्ये गेली. त्या काळातील एका ग्राहकाबद्दल मात्र सविस्तर लिहिले पाहिजे. तासगाव भागात त्यांचे बेदाण्याचे शीतगृह आहे. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांच्या कॉम्प्रेसरची ३० अश्वशक्तीची मोटर एका हंगामात तीनदा जळाली आणि तिन्ही वेळा त्यांनी ती रिवाइंडिंगवाल्याकडे पाठवली. त्या कारागिराने वाइंडिंग उत्तम भरले होते, त्याच्या कामात खोट नव्हती. आम्ही गेलो तेव्हा तिसऱ्यांदा जळालेली मोटर उघडून ठेवलेली होती. एका फेजची कॉइल कोळशासारखी काळी आणि उरलेल्या दोन फेजच्या कॉइल्स जवळजवळ जशाच्या तशा होत्या. डेल्टा जोडणीच्या मोटरमध्ये असे दिसले, की येणाऱ्या तीनपैकी एक फेज तुटते आहे हे ओळखावे. मामांनी स्टार्टर उघडला. मुख्य कॉन्टॅक्टरचा, म्हणजे मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचा, एक पोल खड्डे पडून काळवंडला होता आणि मोटर सारखी ट्रिप होते म्हणून ऑपरेटरने ओव्हरलोड रिलेची, म्हणजे प्रवाह वाढला की मोटर बंद पाडणाऱ्या उपकरणाची, तबकडी शेवटच्या टोकाला नेऊन ठेवली होती. दोष पॅनेलमध्ये होता आणि इलाज मोटरवर चालला होता. कॉन्टॅक्टर बदलला, रिले योग्य आकड्यावर आणला, एक फेज तुटताच मोटर बंद करणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवला. त्यानंतर ती मोटर त्या कारणाने पुन्हा जळाली नाही. त्या दिवसापासून अण्णांच्या आवारात आमच्याशिवाय कोणी पॅनेल उघडलेले नाही.

आता २०१२ बद्दल. एका खाद्यप्रक्रिया कारखान्याचे संपूर्ण वायरिंग आम्ही केले. काम संपत आले, निम्मी रक्कम येणे होती, तेव्हा मालकांनी आणखी एक कागद पुढे केला. त्यांनी मागच्या बाजूला धुलाईचा विभाग वाढवला होता, त्याचे वायरिंग कारखान्यातल्याच एका मुलाकडून करून घेतले होते आणि वाढीव भारासाठी महावितरणकडे द्यायच्या टेस्ट रिपोर्टवर, म्हणजे वायरिंग तपासल्याच्या दाखल्यावर, आम्ही सही करावी, अशी त्यांची अपेक्षा होती. तो मुलगा आयटीआय झालेला, हुशार होता. परंतु त्याच्याकडे परवाना नव्हता. मामा मेगर घेऊन गेले. धुलाईच्या लाइनवर काटा ०.२ मेगओहमच्या वर जाईना, जिथे किमान १ मेगओहम हवे. स्वतंत्र अर्थिंग नव्हतेच. जस्ताचा मुलामा दिलेली एक लोखंडी (जीआय) तार नळाच्या पाइपाला गुंडाळली होती आणि खाली बायका अनवाणी, ओल्या फरशीवर उभ्या राहून काम करत होत्या. लाइन पुन्हा ओढून देतो, अर्थिंगचे दोन खड्डे करून देतो, मजुरी घेणार नाही, असे आम्ही सांगितले. त्यांना काम नको होते, सही हवी होती.

मामांनी सही केली नाही. चार दिवसांत बाजारातल्याच दुसऱ्या एका ठेकेदाराने ती केली, आणि ती जागेवर न जाता केली, हे मला त्याच कारखान्यातल्या कामगारांकडून कळले. आमचे ४ लाख ६० हजार रुपये अडकले ते अडकलेच. केबलवाल्याचे देणे थकले, पगार दोन महिने देता आले नाहीत, तयार झालेली तीन मुले सोडून गेली आणि त्यांतला एक त्याच ठेकेदाराकडे लागला. आम्ही ‘अडवणूक करणारे’ आहोत, अशी बोलवा पसरवली गेली आणि दोन जुनी गिऱ्हाइके तिकडे वळली. पत्नीच्या पाटल्या गहाण पडल्या, हे लिहिताना आजही हात थांबतो. अण्णांना हे कोणी सांगितले ठाऊक नाही. ते एका सकाळी स्वतः दुकानात आले आणि पुढच्या वर्षाच्या देखभालीचे सगळे पैसे आगाऊ देऊन गेले. त्यांनी पावतीसुद्धा मागितली नाही. फर्म त्या पैशांवर उभी राहिली.

मामा २०१९ मध्ये गेले. त्यांच्या जागी पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र आता माझ्या मुलीकडे आहे.

कोणी विचारलेले नाही, तरी सांगतो. घरातला स्विच किंवा पंखा बदलण्यासाठी मोठा ठेकेदार शोधत बसू नये, चांगला वायरमन पुरतो. नवी जोडणी, वाढीव भार किंवा संपूर्ण वायरिंग असेल तर ठेकेदाराशीच बोलावे, त्याच्या परवान्याची मुदत वाचावी आणि पर्यवेक्षक कोण, तो जागेवर किती वेळा येणार, हे विचारावे. मोटर जळाली तर रिवाइंडिंगला पाठवण्याआधी ती का जळाली हे पॅनेल जाणणाऱ्याकडून तपासून घ्यावे. मीटरपर्यंत येणारी तार महावितरणची. तिथे आपल्या माणसाला चढवू नये. उच्चदाबाच्या केबलचा जॉइंट तर रोज तेच काम करणाऱ्या जॉइंटरकडूनच करून घ्यावा. आमच्याकडे तसा माणूस नाही, म्हणून ते काम आले की आम्ही सांगलीहून जॉइंटर बोलावतो आणि ग्राहकाला तसे आधीच कळवतो. आणि टेस्ट रिपोर्टवर सही करणारा माणूस तुमच्या जागेत आलाच नसेल, तर तो कागद स्वस्त पडला असे समजू नये.

अण्णांच्या चिरंजीवांनी शीतगृहाच्या छतावर सौर पॅनेल घ्यायचे ठरवले, तेव्हा तेही काम आम्हीच करावे असा त्यांचा आग्रह होता. डीसी बाजूचे, म्हणजे पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतचे, काम आमच्या मुलांनी कधी केलेले नाही, त्यामुळे ते आम्ही घेतले नाही आणि त्यातल्या जाणकारांना बोलावण्यास सांगितले. इन्व्हर्टरपासून पुढचे वायरिंग आणि अर्थिंग आमच्याकडे आहे. अर्थिंगचे खड्डे सोमवारी खणून झाले. माती मुरमाड लागली आहे, त्यामुळे दोनऐवजी चार इलेक्ट्रोड, म्हणजे जमिनीत पुरायचे धातूचे वाहक, घालावे लागतील.