सिअ‍ॅटलहून अलास्का: सात रात्रींच्या क्रूझचा हिशेब

क्रूझ ठरवताना आम्ही जहाजांचे फोटो बघत बसलो, ही पहिली चूक. कुठल्या जहाजावर घसरगुंडी आहे, कुठल्यावर किती रेस्टॉरंटं आहेत, कुठल्याचं थिएटर मोठं. कुठल्या बंदरात किती वाजता पोचणार आणि किती वाजता निघणार, हा तक्ता नीट वाचला तो पैसे भरून झाल्यावर. आता कोणी विचारलं तर मी सांगते, आधी तो तक्ता काढा. जहाज कुठलं ते नंतर बघा.

आमचा तक्ता असा होता. रविवारी दुपारी सिअ‍ॅटलहून निघायचं. सोमवार पूर्ण समुद्रात. मंगळवारी अलास्कातलं जुनो, दुपारी 1 ते रात्री 10. बुधवारी ग्लेशियर बे ही हिमनद्यांची खाडी, तिथे उतरायचं नसतं. गुरुवारी सिटका. शुक्रवारी केचिकान, सकाळी 7 ते दुपारी 1. शनिवारी कॅनडातलं व्हिक्टोरिया, संध्याकाळी 6 ते मध्यरात्र. रविवारी सकाळी परत सिअ‍ॅटल. मी, नवरा आणि सासूबाई असे तिघं, जूनचा शेवटचा आठवडा.

व्हिक्टोरिया इतक्या उशिरा का, याचं मला कोडं होतं. संध्याकाळी सहाला पोचून कोणी शहर बघतं का? उत्तर अमेरिकेच्या 1886 सालच्या एका कायद्यात आहे. परदेशी झेंड्याखाली नोंदलेल्या जहाजाला अमेरिकेच्याच एका बंदरातून निघून, मध्ये परदेशी बंदर न घेता, अमेरिकेच्याच बंदरात प्रवासी उतरवता येत नाहीत. मोठी क्रूझ जहाजं बहुतेक बहामा, पनामा, बर्म्युडा अशा ठिकाणी नोंदलेली असतात. म्हणून सिअ‍ॅटलहून अलास्काला जाऊन येणाऱ्या जहाजाला कॅनडात कुठेतरी पाय टेकवावाच लागतो. 2021 साली कोविडमुळे कॅनडाने बंदरं बंद ठेवली, तेव्हा अमेरिकी संसदेला खास कायदा करून तात्पुरती सूट द्यावी लागली होती. थोडक्यात, व्हिक्टोरियाचे ते सहा तास कायद्यासाठी आहेत, आपल्यासाठी नाहीत.

पण त्या सहा तासांमुळे व्हिसाचा घोळ होतो. अलास्का अमेरिकेतच आहे, मग एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरेल, असं वाटतं. त्यावर विसंबू नका. व्हिक्टोरियाहून परत येताना तुम्ही अमेरिकेत दुसऱ्यांदा शिरता, तेव्हा अनेक वेळा प्रवेश देणारा व्हिसा असलेला बरा. ज्यांना कॅनडासाठी व्हिसा लागतो त्यांना तोही आधीच काढावा लागतो. ‘आम्ही तिथे उतरणारच नाही’ हे उत्तर चालत नाही. चेक-इनच्या रांगेत आमच्या पुढच्या जोडप्याला याच कारणासाठी बाजूला घेतलं. आम्ही जहाजावर चढलो तेव्हा ते दोघं अजून बॅगांवर बसून फोन करत होते.

धक्क्याचंही एक सांगते. सिअ‍ॅटलमध्ये क्रूझचे धक्के दोन आहेत, पिअर 66 आणि पिअर 91, एकमेकांपासून काही किलोमीटर लांब. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘क्रूझ टर्मिनल’ म्हणू नका. आणि जहाज सुटणार त्याच दिवशी विमानाने सिअ‍ॅटलला पोचायचा बेत अजिबात करू नका. आदल्या दिवशी या.

मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात आणि त्या केबिनच्या दारात संध्याकाळपर्यंत कधीतरी उगवतात. औषधं, चार्जर, स्वेटर आणि कागदपत्रं हातातल्या पिशवीत ठेवा. सासूबाईंची रक्तदाबाची गोळी मोठ्या बॅगेत गेली होती. बॅग वेळेत आली, पण तोपर्यंत रक्तदाब माझा वाढला होता.

जहाज सुटण्याआधी आपत्कालीन सराव असतो. आपली जमण्याची जागा शोधायची, लाइफ जॅकेट कसं घालायचं ते बघायचं. बरेच लोक कंटाळत, हातात ग्लास घेऊन येतात. जानेवारी 2012 मध्ये इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया हे क्रूझ जहाज खडकावर आपटलं आणि 32 माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांचा सराव तेव्हा झालेलाच नव्हता. त्यानंतर नियम बदलले. आपल्या केबिनपासून जमण्याच्या जागेपर्यंत एकदा जिन्याने चालून जा. लिफ्ट त्या वेळी वापरता येत नाही.

केबिन निवडताना आम्ही शहाणपणा केला असं वाटलं होतं. वरचा मजला, म्हणजे देखावा छान! डोक्यावर नेमकं बुफेचं आणि तलावाचं डेक. पहाटे पाचला वर खुर्च्या ओढायला सुरुवात व्हायची. जहाजाचा नकाशा संकेतस्थळावर असतो. आपल्या केबिनच्या वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील अशी जागा बघा. समुद्र लागत असेल तर खालचा मजला आणि जहाजाचा मधला भाग घ्या. झोपाळ्याच्या दांड्याजवळ हेलकावा कमी असतो, तसंच. आणि ‘देखाव्यात अडथळा’ असं लिहिलेली स्वस्त केबिन म्हणजे खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली असते. दिवसभर बाहेर डेकवर राहणार असाल तर तीही वाईट नाही.

सोमवारी जहाज डुललं. याचंही कारण मार्गात आहे. व्हँकुव्हरहून सुटणारी जहाजं बेटांच्या आडोशाने, इनसाइड पॅसेजमधून वर सरकतात. सिअ‍ॅटलची जहाजं बहुधा व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या पॅसिफिकमधून जातात. म्हणजे ज्याला समुद्र लागतो त्याने व्हँकुव्हरची क्रूझ बघावी. जाहिरातीत हे कोणी सांगत नाही. नवरा दिवसभर आडवा होता. उलटीची गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, नंतर उपयोग फार होत नाही. क्षितिजाकडे बघत मोकळ्या हवेत बसलं की बरं वाटतं, केबिनमध्ये फोन किंवा पुस्तक बघत बसल्याने जास्त त्रास होतो. सासूबाईंना काहीच झालं नाही. त्या घोंगडी गुंडाळून डेकवर बसल्या आणि त्यांनीच पहिला देवमासा बघितला. ‘अगं, तिकडे पाण्यातून वाफ येतेय बघ’, म्हणाल्या. मी वळेपर्यंत संपलं होतं.

त्या रात्री घड्याळं एक तास मागे केली. अलास्काची वेळ सिअ‍ॅटलच्या एक तास मागे असते. फोनवर विसंबू नका, किनाऱ्यावरच्या कुठल्या टॉवरला तो चिकटेल ते सांगता येत नाही. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा आणि सिअ‍ॅटलला उतरेपर्यंत तेच खरं माना. फोन जहाजावर पाय ठेवताच विमान मोडवर टाका, कारण जहाजावरच्या मोबाइल सेवेचं बिल रोमिंगपेक्षाही महाग पडू शकतं.

जुनो अलास्काची राजधानी, पण तिथे बाहेरून येणारा रस्ताच नाही. विमान किंवा बोट. आम्ही देवमासे बघायला छोटी बोट घेतली. हंपबॅक देवमासे हिवाळ्यात हवाईकडे असतात आणि उन्हाळ्यात खायला इथे येतात. ही सहल आम्ही जहाजाकडून न घेता बाहेरून घेतली. स्वस्त पडली, बोटीत माणसंही कमी. पण यात एक जोखीम आहे. जहाजाने विकलेली सहल उशिरा परतली तर जहाज थांबतं. तुमची तुम्ही घेतलेली सहल उशिरा आली तर ते निघून जातं, आणि रस्ता नसलेल्या गावात तुम्ही उरता. जुनोत आम्हाला नऊ तास होते म्हणून हे जमलं. केचिकानच्या सहा तासांत मी हा खेळ केला नसता.

उरलेल्या वेळात मेंडेनहॉल हिमनदीपाशी गेलो. तिथून नगेट धबधब्यापर्यंतची वाट सपाट आहे, सासूबाई काठी न घेता चालल्या. जूनमध्ये रात्री नऊला लख्ख उजेड असतो, त्यामुळे दुपारी पोचलो याचं दुःख वाटलं नाही. मात्र धक्क्यासमोरच्या दागिन्यांच्या दुकानांत ज्यांनी वेळ घालवला त्यांचं काय सांगू! जहाजावर ‘बंदराची माहिती’ म्हणून जे व्याख्यान होतं त्यातली निम्मी माहिती अशा दुकानांचीच असते. त्यात आपलं नाव यावं म्हणून ती दुकानं पैसे मोजतात.

बुधवार. यासाठीच पुन्हा जाईन. ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात उन्हाळ्यात दिवसाला जास्तीत जास्त दोनच क्रूझ जहाजांना परवानगी मिळते, म्हणून आधी बघा तुमच्या तक्त्यात हे नाव आहे का. नसलेली जहाजं दुसऱ्या एखाद्या हिमनदीपाशी नेतात. त्या जागाही सुंदर असतील, पण हे नाव नसलेल्या तक्त्यासाठी मी पैसे भरणार नाही. सकाळी उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन चालत्या जहाजावर चढतात आणि दिवसभर माहिती देतात. 1794 मध्ये जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतली माणसं इथे आली तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच, समोर बर्फाची भिंत होती. आज त्याच जागेवरून जहाज शंभरेक किलोमीटर आत जातं. सव्वादोनशे वर्षांत इतका बर्फ मागे हटला. हे आकडे मी घरी वाचले होते, पण तासन् तास जहाज चालतंय आणि दोन्ही बाजूंना उघडा खडक, मग खुरटी झुडपं, हे बघताना ते अंगावर येतात.

मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबतं. पाण्याच्या वर सुमारे 75 मीटर उंच, दीडेक किलोमीटर रुंद निळसर कडा. तासभर तिथेच. कप्तान जहाज हळूहळू गोल फिरवतो, त्यामुळे डाव्या बाजूची बाल्कनी की उजव्या, याचा घोर नको. मुळात बाल्कनीत बसूच नका. पुढच्या उघड्या डेकवर या, त्याचं दार उघडून देतात. कडा तुटतो तेव्हा आधी दिसतं आणि आवाज मागून येतो, मेघगर्जनेसारखा. तिथले मूळ रहिवासी ट्लिंगिट त्याला पांढरी गर्जना म्हणतात. म्हणून आवाज ऐकून वळलात तर उशीर झालेला असतो. नजर बर्फावर ठेवा. कॅमेरा एकाने धरा, बाकीच्यांनी नुसतं बघा. जूनमध्येही कानटोपी, हातमोजे आणि वारा अडवणारं जाकीट लागतं. दुर्बीण प्रत्येकाला वेगळी घ्या, नाहीतर भांडणं होतात. आमची झाली.

त्याच वेळी आत बुफेत रांग लागलेली होती.

सिटका छोटं आणि शांत. 1867 मध्ये रशियाने अलास्का अमेरिकेला 72 लाख डॉलरला विकला, तो हस्तांतराचा समारंभ इथे 18 ऑक्टोबरला झाला. मोठ्या जहाजांचा धक्का गावाबाहेर आहे, तिथून गावात फुकट बस नेतात. येताना बसच्या रांगेचा वेळ धरा. राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानात उंच झाडांमध्ये टोटेम खांब, म्हणजे मूळ रहिवाशांचे कोरीव लाकडी खांब, उभे आहेत. तिथे दोन तास फिरलो, एक पैसाही खर्च झाला नाही.

केचिकानला पाऊस. इथे वर्षाला साडेतीन मीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यामुळे पावसाची तक्रार करू नये, रेनकोट घ्यावा. ओढ्यावर खांबांवर उभी असलेली क्रीक स्ट्रीटची लाकडी घरं बघितली आणि साडेबाराला परत. सगळे जहाजात परत कधी हवेत ती वेळ जहाज सुटण्याच्या अर्धा तास किंवा त्याहूनही आधीची असते. तक्त्यातली 1 ची वेळ म्हणजे सुटण्याची. इथे एक तरुण जोडी धक्क्यावरून धावत आली, वरच्या डेकवरून लोक टाळ्या वाजवत होते. शिडी अजून काढली नव्हती, वाचले. पुढचं बंदर दुसऱ्या देशात आहे, हे त्यांना माहीत होतं की नाही कोण जाणे.

व्हिक्टोरियात मी बागांचा नाद सोडला. बुचार्ट गार्डन्स शहरापासून वीसेक किलोमीटर, त्यात जहाज उशिरा. त्याऐवजी ऑग्डेन पॉइंटच्या धक्क्यावरून इनर हार्बरपर्यंत चालत गेलो. अंधार पडल्यावर तिथल्या प्रांताच्या संसद भवनावर हजारो दिवे लागतात. त्या सहा तासांत एवढंच नीट होतं.

खर्चाचं थोडक्यात. सेवाशुल्क दर माणशी दर दिवशी आपोआप लावलं जातं, मुलांनाही. ते तिकिटाच्या किमतीत मिळवूनच जहाजांची तुलना करा. पेयांचं पॅकेज बहुधा एका केबिनमधल्या सगळ्या मोठ्यांनी घ्यावं लागतं. इतकी बंदरं असलेल्या सफरीत ते वसूल होत नाही. खात्याचं बिल दर दोन दिवसांनी तपासा. आमच्यावर न घेतलेली मालिश चढली होती, सांगितल्यावर लगेच काढली. शेवटच्या सकाळी बिलाच्या खिडकीसमोर लांब रांग असते. वैद्यकीय विमा घ्या आणि त्यात रुग्णाला हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च धरला आहे का ते वाचा. जेवायच्या आधी साबणाने हात धुवा. दाराशी ठेवलेलं जेल नोरोव्हायरसवर पुरेसं चालत नाही, आणि क्रूझवरचं पोट बिघडण्याचं नेहमीचं कारण तोच असतो.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, त्या थेट धक्क्यावर मिळतात. सकाळी घालायचे कपडे आधी बाजूला काढा. नवऱ्याने कपडे काढले, पण सगळे बूट बॅगेत गेले. तो केबिनच्या पांढऱ्या कापडी सपाता घालून सिअ‍ॅटलच्या पासपोर्ट रांगेत उभा होता. परतीचं विमान दुपारचं होतं, म्हणून बॅग शोधायला वेळ मिळाला. सकाळचं विमान घेऊ नका.