खरखर, शीळ आणि एक स्क्रू

परवा दुपारी गाडीतल्या टेपमध्ये कॅसेट घातली आणि गाणे फक्त उजव्या बाजूने आले. डावा स्पीकर गप्प होता. रागावण्याऐवजी मला जरा आनंदच झाला, कारण जुन्या रेडिओ-टेपचा बिघाड असा अर्धवट असला की त्याची उलटतपासणी घेता येते. पूर्ण मेलेल्या सेटपाशी बोलण्यासारखे काही नसते. तिथे आधी फ्यूज बघायचा, एवढेच.

माझी एक खोड आहे. कानांनी जेवढे ठरवता येईल तेवढे ठरवून झाल्याशिवाय मी स्क्रूड्रायव्हर हातात घेत नाही. सेट डॅशबोर्डातून लगेच उपसून काढणाऱ्या माणसांविषयी माझे मत फारसे चांगले नाही, कारण झाकण उघडले की आधी धूळ दिसते आणि मग जो पहिला काळपट भाग नजरेस पडेल त्याच्यावरच आळ घेण्याचा मोह आवरत नाही. म्हणून मी टेप थांबवून रेडिओ लावला, तर दोन्ही स्पीकर बोलू लागले. म्हणजे स्पीकर निर्दोष, त्यांच्या तारा निर्दोष, आणि रेडिओ व टेप या दोघांचाही आवाज ज्यातून बाहेर पडतो तो शेवटचा ॲम्प्लिफायरही निर्दोष. दुसरी कॅसेट घालून पाहिली. तीही एका बाजूनेच गायली. उरले ते हेड, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा भाग, आणि त्याच्या मागची केसासारखी बारीक तार.

कॅसेटची फीत अवघी 3.81 मिलिमीटर रुंद असते आणि तेवढ्यात दोन्ही बाजूंचे मिळून आवाजाचे चार मार्ग बसवलेले असतात, म्हणजे एकेकाच्या वाट्याला सुमारे 0.6 मिलिमीटर येतात. त्यांतला डावा मार्ग फितीच्या काठाला असतो. काठ चुरगळला किंवा हेडच्या त्या कोपऱ्यात फितीवरची तपकिरी भुकटी साचली की पहिल्यांदा डावाच मुका होतो, आणि या नेहमीच्या बळीची मला थोडी दयाही येते. काडीला कापूस गुंडाळून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून आत फिरवला. कापूस तपकिरी झाला, डावा स्पीकर परत आला. इतक्या सहज सुटलेल्या प्रकरणाने मी किंचित हिरमुसलो.

लहानपणी बाबांच्या गाडीत याहून थोर बिघाड होता. त्यांनी वेग वाढवला की गाण्यामागे एक बारीक शीळ चढत जाई, आणि गिअर बदलताना इंजिन मंदावले की ती तशीच खाली उतरे. मागच्या सीटवर बसून मी असे समजत असे की गाणाऱ्याच्या पाठीमागे बसलेल्या कोणा वादकाला आमची गाडी दिसते आणि तो तिच्याकडे बघून सूर लावतो. घाट चढताना तो वादक फार भावनाविवश होई. पुढे कळले की तो अल्टरनेटर होता, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून गाडीची वीज बनवणारे यंत्र. त्यातल्या डायोडनी प्रवाह एका दिशेचा केला तरी त्याची लहर पुरती सपाट होत नाही. ती गाळणारा कपॅसिटर सुकला किंवा सेटचे अर्थिंग गंजले की ती लहर गाण्यात उतरते. शिळेबरोबर टकटकही असे, ती मात्र स्पार्क प्लगची. चार सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर सेकंदाला 100 ठिणग्या पडतात, आणि रेडिओच्या दृष्टीने प्रत्येक ठिणगी हे एक छोटेसे प्रक्षेपण केंद्रच असते.

अशा वेळी व्हॉल्यूम शून्यावर न्यावा. शीळ तरीही तेवढीच राहिली तर ती व्हॉल्यूमच्या बटणानंतर, बहुधा वीजपुरवठ्यातून किंवा अर्थिंगमधून, आत शिरते आहे. आवाजाबरोबर कमी झाली तर तिचा उगम आधी कुठेतरी आहे, आणि ॲन्टेनाची तार काढताच ती थांबली तर ती ॲन्टेनातूनच येत होती, प्रश्नच मिटला. हे सारे बाबांना सांगण्याइतके मला कळले तेव्हा ती गाडी राहिली नव्हती. बाबांना ती शीळ कधी ऐकूच आली नसावी, असेही मला कधीकधी वाटते.

बटण फिरवताना होणारी खरखर मी बिघाडात धरत नाही. ती कार्बनच्या पट्टीवरची धूळ असते. बटण इकडून तिकडे पुष्कळ वेळा फिरवले की बहुतेकदा ओसरते. फीत पुढे ओढणारे रबरी चाक कडक होऊन फीत खाऊ लागले तर मात्र हयगय करू नये.

सर्वांत कठीण दोष वेगाचा असतो, कारण तो दोष आहे हेच कळत नाही. फितीने सेकंदाला 4.76 सेंटिमीटर सरकावे असे ठरलेले आहे. वेग साधारण 6 टक्क्यांनी वाढला की सा कोमल रे वर जाऊन बसतो, पण सगळेच स्वर एकदम सरकत असल्याने कानाला तक्रारीला जागा मिळत नाही. 3150 हर्ट्झचा सूर भरलेली चाचणीची कॅसेट लावून, मोटरच्या पाठीवरच्या भोकातला बारीक स्क्रू फिरवत, मी माझा टेप एकदा अगदी आकड्यावर आणला. आणि लहानपणापासून पाठ असलेले प्रत्येक गाणे आजारातून उठल्यासारखे वाटू लागले. बाबांच्या गाडीतला टेप जलद चालत होता, एवढाच त्याचा अर्थ. ज्या पट्टीत ती गाणी माझ्या डोक्यात बसली आहेत, त्या पट्टीत ती कोणी कधी गायलीच नव्हती.

मी स्क्रू पुन्हा थोडा पुढे नेला. आता मोजमाप चुकलेले आहे आणि गाणी बरोबर आहेत. एखाद्या जाणकाराने हटकलेच, तर मोटरची फिरकी फितीपर्यंत पोचवणारा पट्टा सैल झाला आहे असे सांगता येणार नाही, कारण सैल पट्ट्याने वेग कमी होतो, वाढत नाही. दुसरे काहीतरी शोधावे लागेल.