तुम्ही विचारलंत म्हणून: छतावर सोलर बसवलं की नाट्यगृहाचं काम झालं का?

इंदूरमध्ये सभागृह चालवणाऱ्यांशी किंवा नाटकं आणणाऱ्या मंडळांशी बोलणं निघालं की हा प्रश्न ठरलेला: "एवढं मोठं छत रिकामं पडलंय, सोलर टाकलं की विषय संपला ना?" नाही संपत. निदान सुरुवात तरी तिथून नको.

कारण साधं आहे. ऊन दुपारी, नाटक संध्याकाळी. १०० किलोवॉटच्या पॅनेलना सुमारे १०,००० चौरस फूट जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीनं ती दिवसाला ४०० युनिटच्या आसपास देतात. हजार खुर्च्यांच्या वातानुकूलित सभागृहात एक प्रयोग तेवढी वीज सहज खातो, त्यामुळे नेट मीटरिंगच्या (दुपारी ग्रीडला दिलेली वीज बिलातून वजा होते त्या पद्धतीच्या) कागदावर हिशेब छान जुळतो. पण तिसरी घंटा होते तेव्हा छत अंधारात असतं. शिवाय एचटी, म्हणजे उच्च दाबाच्या, कनेक्शनच्या बिलात महिन्यातला सर्वोच्च भारही मोजला जातो. तो पडतो संध्याकाळी, आणि तिथे सोलरची काहीच मदत होत नाही. म्हणून आधी घड्याळ बघावं, मग छत.

हा भार येतो कुठून? शांत बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. हजार प्रेक्षक म्हणजे १०० किलोवॉट, म्हणजे २८ टन एसी फक्त माणसांसाठी (एक टन म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॉट उष्णता काढण्याची ताकद). भिंती, दिवे आणि मे महिन्यातली बाहेरची हवा धरली की आकडा शंभर टनांकडे जातो. यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय वेळापत्रकाचा आहे. प्रयोगाच्या दीड तास आधी, ताज्या हवेचे डँपर, म्हणजे हवा आत घेणाऱ्या झडपा, बंद ठेवून, रिकामं सभागृह २२ अंशांवर आणायचं. खुर्च्या आणि भिंती थंडावा धरून ठेवतात. दारं उघडली की डँपर उघडायचे आणि सेटिंग २४-२५ वर न्यायचं. एका अंशामागे सुमारे ६ टक्के वीज वाचते. यात नेहमीची चूक अशी, की पंप, चिलर (एसीचं पाणी थंड करणारं यंत्र) आणि मंचावरच्या दिव्यांची तपासणी एकाच पंधरा मिनिटांत सुरू होते. मीटर तेवढंच टिपतो आणि महिनाभराचा डिमांड चार्ज, म्हणजे सर्वोच्च भाराचा आकार, तिथे ठरतो.

दुसरी चूक जास्त वाईट. बिल कमी करायचं म्हणून डँपर कायमचे बंद केले जातात. मग दुसऱ्या अंकात निम्मं सभागृह जांभया देतं आणि दोष लेखकाला जातो. कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर लावून १००० पीपीएमच्या वर गेलं की डँपर उघडतील अशी सोय करा. सेन्सर मात्र परतीच्या हवेच्या मार्गात हवा. थंड हवेच्या जाळीजवळ बसवला तर तो कायम खुशाली कळवत राहतो.

आता सोलर वापरायचंच असेल, तर बॅटरीपेक्षा पाण्याची टाकी बरी. दुपारच्या उन्हावर चिलर चालवून पाणी थंड करून ठेवायचं आणि संध्याकाळी फक्त पंप चालवायचे. येणाऱ्या आणि परतणाऱ्या पाण्यात ७ अंशांचा फरक धरला तर एक घनमीटर पाणी सुमारे २.३ टन-तास (एक टन एसी तासभर देतो तेवढा एक टन-तास) थंडावा साठवतं. शंभर टन तीन तास हवे असतील तर १३० घनमीटरची टाकी लागते. ती उंच हवी, आडवी पसरट नको. थंड पाणी खाली आणि परतीचं कोमट पाणी वर, असे थर टिकले तरच टाकीला अर्थ आहे. पाणी आत सोडणारा पाइप साधा उघडा ठेवला की जोरानं थर ढवळले जातात आणि तासाभरात सगळी टाकी कोमट होते. म्हणून छिद्रांचा, संथ सोडणारा डिफ्यूजर लागतो. अंदाजपत्रकात पहिली कात्री नेमकी त्यालाच लागते.

हिवाळ्यात तर यातलं बरंच लागूच नये. 'शब-ए-मालवा', म्हणजे माळव्याची रात्र, उगाच म्हणत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत रात्री आठला बाहेरची हवा आपसूक थंड असते. तीच आत घेतली तर चिलर बंद ठेवता येतो. मग कुणी करत का नाही? ताज्या हवेची डक्ट (हवा नेणारा मार्ग) श्वासापुरती बांधलेली असते, थंडाव्यापुरती नाही. आत २४ आणि येणारी हवा १८ धरली तर माणशी सुमारे २० सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट) हवा लागते. हजार माणसांना २०,००० सीएफएम, म्हणजे निदान चार चौरस मीटरची जाळी, तिच्यामागे धुळीचे फिल्टर आणि आवाज खाणारी डक्ट. ही शेवटची गोष्ट वगळून चालणार नाही, कारण ते दिवस लग्नसराईचे आणि बारातीच्या बँडला नाट्यगृह दिसत नाही. उन्हाळ्यात कोरड्या हवेमुळे बाष्पीभवनाचे कूलरही चालतात, पण तबल्याच्या मैफलीला ते नकोत; ओलाव्यानं पुडी, म्हणजे तबल्यावरचं चामडं, सैल पडते.

पाण्याचाही हिशेब विजेतच करावा. शहराचं नर्मदेचं पाणी जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, घाट चढून येतं. एक हजार लिटर ४०० मीटर वर न्यायला घर्षण वगळूनही एक युनिट लागतं. कूलिंग टॉवर (पाण्याची वाफ करून चिलरची उष्णता बाहेर टाकणारा मनोरा) असेल तर तो टनामागे तासाला ६-७ लिटर उडवतो. गळका फ्लश आधी दुरुस्त करा, टॉवरला प्रक्रिया केलेलं पाणी द्या.

दिव्यांचं लोक सगळ्यात आधी विचारतात. हजार वॉटचे ४० पार (रंगमंचाचे डबा-दिवे) म्हणजे ४० किलोवॉट, आणि तीच उष्णता काढायला आणखी ११ टन एसी. एलईडी पार २०० वॉटमध्ये भागवतो. पण त्याला डिमरच्या (प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या) लाइनवर लावू नका, थेट सप्लाय द्या, नाहीतर तो लुकलुकतो आणि त्याचा ड्रायव्हर (आतलं वीज पुरवणारं सर्किट) जळतो. डीएमएक्सच्या, म्हणजे दिव्यांना हुकूम देणाऱ्या केबलच्या, शेवटच्या दिव्याला १२० ओहमचा टर्मिनेटर हवाच. स्वस्त एलईडीत नटांचे चेहरे हिरवट दिसतात, म्हणून पुढच्या प्रकाशापुरते आठ-दहा हॅलोजन ठेवायला आमची हरकत नाही. बाहेरगावची नाटकं त्याच हिशेबानं बसवलेली असतात.

मध्यंतराच्या कचऱ्याबद्दल थोडक्यात. वर्गीकरण शहराच्या अंगवळणी पडलंय, ओला कचरा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात जातो. घोळ होतो तो चहाच्या कागदी कपाचा. आत प्लास्टिकचं पातळ अस्तर असल्यानं तो ओल्यात चालत नाही, आणि उरलेल्या चहासकट सुक्यातही नको. एक बादली चहा ओतायला, शेजारी कप रचायला नळकांडं, एवढ्यानं भागतं. आणि नेपथ्यवाल्यांना आठवण करा: सजावटीचं थर्मोकोल आणि १०० मायक्रॉनखालचे पीव्हीसी बॅनर १ जुलै २०२२ पासून बंद आहेत.

शेवटी पुन्हा घड्याळ. मुंबई-पुण्याचा ट्रक एका प्रयोगासाठी आला काय आणि तीनसाठी आला काय, डिझेल तेवढंच. इंदूरच्या 'सानंद'सारख्या नाट्यसंस्था सभासदांचे गट करून एकाच नाटकाचे लागोपाठ प्रयोग लावतात, त्यात प्रवासही वाटला जातो आणि दुसऱ्या प्रयोगाला सभागृह आधीच थंड मिळतं. फक्त दोन प्रयोगांमधल्या रिकाम्या तासात कॉम्प्रेसर बंद करून नुसते पंखे चालू ठेवायला कुणीतरी नेमलेलं लागतं. ते काम सहसा वॉचमनवर येतं, आणि विजेच्या पॅनेलच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे नसते.