काळ्या मातीच्या अंगणात टर्फ टाकायचं तर

इंदूरला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, मे महिन्यात बोअर आटलेले, आणि बंगल्यापुढचं लॉन मात्र रोज पाणी मागतं. म्हणून आता टाउनशिपमधल्या एमओएसमध्ये, म्हणजे घराभोवती सोडलेल्या मोकळ्या जागेत, टर्फ म्हणजे प्लास्टिकचं कृत्रिम गवत दिसू लागलंय. दुकानात सगळी चर्चा पातीची उंची 25 मिमी घ्यायची की 35 मिमी, यावर होते. टर्फ बिघडतं ते खालून. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि पाणी जेमतेमच जिरवते. टर्फच्या पाठीला भोकं असतात, त्यांतून पाणी खाली उतरतं, पण पुढे त्याला वाट नसते. खणलेला चौकोन परातीसारखा भरून राहतो, टर्फखालची चुरी (दगडाचा बारीक चुरा) सैल पडते आणि श्रावणात अंगणाला कुबट वास सुटतो.

उतार वरून चुरीने काढून भागत नाही, खोदाईच्या तळालाच द्यावा लागतो. मीटरमागे 1 ते 1.5 सेंमी, घराच्या पायापासून दूर. सगळ्यात खालच्या कडेला 75 मिमीचा भोकांचा पाइप टाका, त्याला जिओटेक्स्टाइल (पाणी सोडणारं पण माती अडवणारं कापड) गुंडाळा आणि तो पावसाच्या पाण्याच्या खड्ड्यात किंवा नालीत सोडा. मिस्त्री डोळ्यांनी उतार काढतो म्हणाला तरी लेव्हल पाइप (पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावायलाच सांगा.

सोसायटीकडे अर्ज देतानाही हा भोकांचा पाइप कामी येतो. कमिटी हरकत घेते ती बहुतेक दोन गोष्टींवर: समोरच्या दर्शनी भागाचा एकसारखेपणा आणि शेजाऱ्याकडे जाणारं पाणी. अर्जासोबत मापांचा साधा नकाशा, उताराची दिशा, पाइप कुठे सुटतो ते, आणि टर्फचा हातभर नमुना जोडा. चेंबरची झाकणं आणि पाण्याचा मीटर झाकला जाणार नाही हे लिहून द्या. परवानगी लेखीच घ्या. कमिटी बदलली की तोंडी ‘हो’ला काही अर्थ उरत नाही. अमेरिकेत हा वाद कायद्यापर्यंत गेला: कॅलिफोर्नियाने 2015 मध्ये घरमालक संघटनांना टर्फवर बंदी घालायला मनाई केली, आणि 2023 मध्ये तिथल्याच शहरांना बंदी घालायची मुभा दिली. टर्फ शेवटी प्लास्टिकच, ही शंका आपल्याकडेही खोटी नाही. झाडांच्या बुंध्याभोवती तरी माती मोकळी ठेवा.

आता 6 × 5 मीटर, म्हणजे 30 चौरस मीटर अंगणाचा हिशोब. खोदाई 15 सेंमी. निघालेली माती फुगून 200 घनफुटांच्या आसपास जाते, ती कुठे टाकायची ते आधी ठरवा. तळ दाबून त्यावर 200 जीएसएमचं (चौरस मीटरला 200 ग्रॅम) नॉन-वोव्हन, म्हणजे न विणलेलं, जिओटेक्स्टाइल, जोडाला एक फूट चढवून. हे वाचवायला जाऊ नका, कारण ओली काळी माती गिट्टीत वर घुसते ती इथूनच. मग 10 सेंमी गिट्टी, दोन थरांत, प्रत्येक थर प्लेट कॉम्पॅक्टरने दाबून. नुसती 20 मिमीची घेतली तर पायाखाली हलत राहते, 10 मिमी मिसळा. दाबल्यावर आकसते हे धरून एकूण साधारण 130 घनफूट लागते. वर 3 सेंमी चुरी, सुमारे 40 घनफूट, किंचित ओली करून दाबलेली. उरलेले 2 सेंमी टर्फसाठी: पाती कडेच्या फरशीपेक्षा थोडी वर दिसतात.

टर्फ मागवताना गंमत होते. रोल 2 मीटर रुंद, म्हणून 6 मीटरला 3 पट्ट्या बरोबर, असं वाटतं. पण जोडाच्या कडा कापाव्याच लागतात, प्रत्येक बाजूच्या टाक्यांच्या (पाती शिवलेल्या) दोन-तीन ओळी. तेवढ्यात चार-पाच सेंमी जातात आणि शेवटची पट्टी भिंतीपर्यंत पोचत नाही. आणखी रोल घेण्यापेक्षा कडेला फरशीची एक ओळ घ्या. प्रत्येक पट्टी 5.1 मीटर कापा, तिन्हींची पाती एकाच दिशेला, शक्यतो दाराकडे झुकलेली. एक जरी उलटी पडली तरी ती वेगळ्या रंगाची दिसते.

रोल उलगडून दोन तास पडू द्या. काप नेहमी पाठीकडून, दोन टाक्यांच्या ओळींमधून. दोन पट्ट्यांत 2–3 मिमी फट ठेवा: घट्ट भिडवलं तर जोड उंचावतो, फट जास्त झाली तर रेघ दिसते. खाली 30 सेंमी रुंद टेप आणि दोन भागांचा पीयू (पॉलियुरेथेन) गोंद. 10 मीटर जोडाला 4 किलोच्या आसपास. तळ ओला असेल तर गोंद फेसाळतो, उन्हात भरभर घट्ट होतो, म्हणून सकाळी आणि थोडा थोडाच कालवा. शेवटी कोरडी सिलिका वाळू, चौरस मीटरला 6 किलो, म्हणजे 180 किलो, तीन-चार वेळा थोडी थोडी पसरून कडक झाडूने पातींच्या उलट दिशेने झाडायची. वाळूऐवजी काळं रबर घालू नका, ते आणखी तापतं.

हे काम दिवाळीनंतर काढा. मे महिन्यात माती भेगाळलेली असते आणि टर्फ ताणलेलं. तेव्हा मापात कापलेलं थंडीत आकसून जोड उघडतो.

लव्हाळ्याला मात्र कशाचीच भीती नाही. त्याची टोकदार पात पातळ कापड भोसकून टर्फमधूनही वर येते. खोदतानाच मातीतल्या काळ्या गाठी वेचून काढायच्या; वरून उपटलं तर गाठ खालीच राहते.

आणि उन्हाचं बोला. 42 अंशांच्या दुपारी टर्फ 60 च्या पुढे जातं, अनवाणी पोरं पळूच शकत नाहीत. पाणी शिंपडलं तर जेमतेम अर्धा तास थंड. त्याहून वाईट म्हणजे समोरच्या बंगल्याची आरसेदार काच. तिच्यावरून परतलेलं ऊन एका जागी पडलं तर पाती वितळून चिकटतात. ऑर्डर देण्याआधी काही दिवस दुपारी असा पट्टा कुठे पडतो ते पाहा आणि तेवढ्या जागेत टर्फऐवजी फरशी धरा.