बिस्किटातसुद्धा नाही

"तुमच्या तिरामिसूत अंडं का नसतं?" महिन्यातून चारदा तरी हा प्रश्न येतो. तिरामिसू म्हणजे कॉफीत बुडवलेली बिस्किटं आणि क्रीम यांच्या थरांचा इटालियन गोड पदार्थ; मी तो घरी करून ऑर्डरीवर देते. विचारणारे दोन जातींचे. एक इटलीला जाऊन आलेले, ते मागे शेपूट जोडतात, "मग त्याला तिरामिसू कशाला म्हणायचं?" दुसरे दबक्या आवाजात विचारतात, "नक्की नाही ना?" दुसऱ्यांना मी एका शब्दात उत्तर देते. पहिल्यांना आजवर वेळ मारून नेणारं काहीबाही सांगत आले. तुम्ही विचारलंत म्हणून, एकदाच सांगते.

नेहमीचं उत्तर असं: ठाण्याचा मे महिना, कच्चं अंडं, आणि नौपाड्यातून घोडबंदरपर्यंत स्कूटरवर जाणारा डबा. साल्मोनेला या जंतूची भीती. ऐकणारा लगेच मान डोलावतो. पण हे अर्धंच खरं आहे. उकळत्या पाण्याच्या वाफेवर बलक आणि साखर फेटत ७१ अंशांपर्यंत नेली की ती भीती बरीचशी जाते. मला ते जमतं, थर्मामीटर ड्रॉवरमध्येच आहे. मस्कारपोनेचा, म्हणजे तिरामिसूतल्या मऊ इटालियन चीजचा, डबा महाग पडतो हेही खरं, पण तेही कारण नव्हे.

इटलीवाल्यांशी मात्र मी थोडी भांडणार. खरं तिरामिसू कुठलं यावर तिकडेच एकमत नाही. त्रेव्हिसो गावातलं 'ले बेक्केरिए' हे रेस्टॉरंट म्हणतं, १९७२च्या सुमारास ते आमच्याकडे जन्मलं. शेजारच्या फ्रिउली प्रांतातलं तोल्मेझ्झो गाव म्हणतं, आम्ही १९५०च्या दशकातच करत होतो. २०१७मध्ये इटलीच्या कृषी मंत्रालयाने ते फ्रिउलीच्या पारंपरिक पदार्थांत नोंदवलं, तेव्हा त्रेव्हिसोकडचे गव्हर्नर खवळले. आणि जे मला "रम घातली नाहीत?" म्हणून हिणवतात त्यांच्यासाठी: त्रेव्हिसोच्या मूळ कृतीत दारूचा थेंब नाही.

बलक मात्र आहे. तिथे माझी बाजू लंगडी पडते, कबूल. त्या भागात बलक साखरेत फेटून अशक्त माणसाला, आजारातून उठलेल्याला द्यायची जुनी पद्धत, आणि तिरामिसूचं मूळ तिथेच आहे असं सांगतात. नावाचा अर्थही तोच, 'मला वर उचल'. हे वाचलं त्या दिवशी मला वरच्या मजल्यावरच्या काकू आठवल्या आणि मी लॅपटॉप मिटला.

काकूंची गोष्ट घडली तेव्हा मी नुकत्याच ऑर्डरी घ्यायला लागले होते. आमच्या बिल्डिंगमधली निम्मी घरं अंडं न खाणारी, म्हणून क्रीममधलं अंडं मी तेव्हाच काढलं होतं. बिस्किटं मात्र अस्सल हवीत हा हट्ट. क्रॉफर्ड मार्केटमधून सावोयार्दीची पाकिटं आणायचे. कॉफीत बुडवून काढली तरी आकार धरून राहणारी ती लांबट, हलकी बिस्किटं. ती हलकी होतात ती फेटलेल्या अंड्यामुळेच. पाकिटावर मांसाहाराची तपकिरी खूण होती. मी पाहिली नव्हती असं आजवर सगळ्यांना सांगत आले. पाहिली होती. माझा एक खाजगी कायदा होता: भाजलेलं अंडं अंड्यात धरायचं नाही. बेकरीतला केक लोक डोळे मिटून खातातच की.

काकू बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि घरी आल्यावर त्यांनी खाणंच सोडलं. पेज नको, खीर नको, वरणाचं पाणी नको. त्यांची लेक डोंबिवलीहून मुलीला घेऊन राहायला आलेली, तीही रडकुंडीला आली होती. एका संध्याकाळी ऑर्डरीतलं उरलेलं मी छोट्या डब्यातून वर नेलं. काकूंनी चमचा तोंडाजवळ नेला आणि थांबल्या.

"अंडं नाही ना गं यात?"

"नाही काकू. क्रीमचं आहे."

बघा, खोटं कुठे बोलले? क्रीमच्या बाबतीत अक्षर न् अक्षर खरं होतं.

काकूंनी डबा संपवला. "कॉफीचं श्रीखंड बरं केलंयस," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी लेकीने जिन्यातून हाक मारली, आई आपणहून मागतेय! मी तीनदा पाठवलं. दर वेळी डबा परत यायचा तो भरून. लिंबाचं लोणचं, दोन शेंगदाण्याचे लाडू, एकदा नुसतीच वाटीभर साखर. रिकामं भांडं परत द्यायचं नाही हा त्यांचा नेम. अंथरुणावरूनही तो चुकला नाही.

चौथ्या वेळी नात डबा न्यायला खाली आली. नऊ वर्षांची. ओट्यावरचं पाकीट उलटंपालटं करून म्हणाली, "मावशी, हे नॉनव्हेज आहे. आम्हाला शाळेत शिकवलंय." आणि ती डबा तिथेच ठेवून वर पळाली.

मी लगेच गेले नाही. अर्धा तास गेले नाही. ओटा पुसला, धुतलेली भांडी पुन्हा धुतली आणि भाषण तयार केलं. त्यात बेकरीतला केक होता, पाकिटावरची बारीक अक्षरं होती, "तुम्ही निदान खात तरी होतात" हेही होतं. वर गेले तेव्हा काकू भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. माझ्या चपला वाजल्या तशी मान वळवली.

"मी विचारलं होतं ना तुला?"

रागावल्या असत्या तर भाषण कामी आलं असतं. त्यांनी पुन्हा तोंड भिंतीकडे केलं. जिन्यात लेकीने मला गाठलं. मला वाटलं आता ही फाडून खाणार. तर ती म्हणाली, "या कार्टीला कोणी बोलायला सांगितलं होतं? आई खात होती गं."

या वाक्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. कधी त्याचा आधार घेते, कधी लाज वाटते की आधार घेतला. काकू पुढे हळूहळू जेवायला लागल्या, त्यात माझा काही हात नाही. आमच्याकडे आधीचा एक डबा यायचा राहिला होता. तो दुसऱ्या दिवशी आला. स्वच्छ घासलेला, कोरडा, रिकामा.

त्यानंतर सावोयार्दी बंद. आधी पार्ले-जी घेतलं; कॉफीत एक सेकंद जास्त राहिलं की वाटीत नुसता लगदा. मारी जरा बरं. शेवटी बिनअंड्याचा स्पंज घरीच भाजून, लांब पट्ट्या कापून, मंद आचेवर पुन्हा वाळवायला लागले. आणि मस्कारपोनेच्या जागी चक्का. दही रात्रभर फ्रिजमध्येच टांगायचं, बाहेर ठेवलं तर आपल्या हवेत सकाळपर्यंत आंबट होतं, आणि आंबट चक्का कॉफीला मारतो. घरगुती पॅकेटातलं २५ टक्के फॅटचं क्रीम कितीही फेटा, फुलत नाही. व्हिपिंग क्रीमच लागतं. कोको द्यायच्या वेळीच भुरभुरवायचा, नाहीतर दमटपणाने त्याचा चिखल होतो. नवरा याला आम्रखंडाचा सावत्र भाऊ म्हणतो. म्हणू दे.

हे तिरामिसू आहे का? पंधरा वर्षांपूर्वीची मी याला हसले असते. मस्कारपोने नसेल तर करूच नका, असं मीच मैत्रिणींना ठणकावून सांगायचे. तिचं अगदीच चूक होतं असंही नाही. चक्क्याला जिभेवर एक करकरीत धार असते, मस्कारपोनेला ती नसते, आणि ज्याने ते खाल्लंय त्याला फरक कळतो. मुलाच्या वाढदिवसाला मी घरात अजून बलकाचंच करते. वेगळं पातेलं, वेगळा फेटणा, दार लावून. कोणाला सांगत नाही. हे लिहितेय म्हणजे आता सांगितलंच.

ऑर्डर आली की न विचारताच मी घातलेल्या प्रत्येक जिनसाच्या पाकिटाचा फोटो पाठवते, हिरव्या खुणेसकट. लोकांना गंमत वाटते. गेल्या महिन्यात डोंबिवलीहून काकूंच्या लेकीची ऑर्डर आली. काकू हल्ली तिच्याकडेच असतात. दोन वाट्या, म्हणाली. दुसरी कोणासाठी ते मी विचारलं नाही. फोटो पाठवले, नेहमीपेक्षा दोन जास्तच.